तुतीच्या बुडाचा दगड

वाट बंद होऊन तीन आठवडे झाले होते, तेव्हा चितारीण सुट्टीला घरी आली. रस्त्यावर उतरली तर बाप ओढ्याच्या काठाशी उभा. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, गुडघ्यापर्यंत चिखल.

"इकडून ये," तो म्हणाला. "तिकडं काटे टाकलेत."

तिच्यापाशी एक पिशवी होती आणि चित्रांचा पुठ्ठा. पुठ्ठा म्हणजे दोन मोठी फळकुटं नाडीनं बांधलेली, आत पंचवीस कागद. बापानं तो पत्रा न्यावा तसा डोक्यावर आडवा घेतला आणि पाण्यात उतरला.

"वारा आहे बाबा. जपून. पाण्यात नका पडू."

"मी पडलो तरी चालेल. चित्रं नको पडायला, असंच ना?"

"तसंच," ती म्हणाली, आणि दोघं हसली. त्या सुट्टीतलं ते पहिलं हसू, आणि पुढं बरेच दिवस पुरवून वापरावं लागलं.

एरवी रस्त्यावरून तुतीच्या झाडाशेजारून गाडीवाट थेट घरापर्यंत यायची. तंबाखू मळून होईपर्यंत माणूस दारात. आता ओढ्यात उतरायचं, वाळू तुडवत वळणापर्यंत जायचं आणि मागच्या दरडीनं शेतात चढायचं. दरडीवर एक पाऊल पुढं टाकलं की अर्धं मागं. बाप चढताना तोंडानं श्वास घेत होता. त्याची मान पुठ्ठ्याखाली ताठ राहिली होती.

चितारीण हे काही तिचं नाव नव्हे. शहरातल्या कलाशाळेत पहिल्या वर्षाला गेली तेव्हापासून सगळे तिला तेच म्हणू लागले, आणि हळूहळू आईच्याही तोंडी तेच बसलं. पहिलं वर्ष म्हणजे नुसतं काळं. रंगाला हात लावायचा नाही. कोळशाची कांडी आणि दौत-टाक, बस्स. मडकं काढा, खुर्ची काढा, खुर्चीवर टाकलेलं फडकं काढा, मग ती खुर्ची पुन्हा उलटी ठेवून काढा. रस्त्यावरचा दुकानदार म्हणायचा, "कोळसा उगाळावा तितका काळाच, आणि तुमची पोर तो उगाळायला एवढ्या लांब जाते."

बाप हसायचा, पण तेवढ्यावर सोडायचा नाही. "हसा, हसा. पण माझी पोर केसाचाही फरक करत नाही. जे जिथं आहे, ते तिथंच काढते." हे त्यानं इतक्यांदा सांगितलं होतं की त्यानं तोंड उघडलं की लोकच म्हणायचे, "जे जिथं आहे, ते तिथं."

आता वाटेचं. पावसाळा सरता सरता एका दुपारी ओढा भरून आला. मोठ्या काकांची खालची पट्टीच्या पट्टी खरवडून घेऊन गेला. बांध फोडला, तुतीच्या एका अंगाची माती नेली, तिची पिवळीधमक मुळं उघडी पडली, आणि जाता जाता बांधाचा दगडही उचलून नेला. दगड होता तोवर त्याची कुणाला आठवण नव्हती. गवतात बुडालेला, गुडघाभर उंच, माथ्याला चीर गेलेला. तो गेला आणि दोन्ही घरांत त्याच्याशिवाय बोलणं उरलं नाही.

तूत काकांची, यात वाद नव्हता. दगडापर्यंत काकांचं आणि दगडापासून पुढं बापाचं, यातही नव्हता. बाप म्हणे, दगड तुतीच्या बुडाशी होता, तेव्हा वाट माझ्यात. काका म्हणे, दगड वाटेच्या पलीकडे होता, तेव्हा वाट माझ्यात. सात-आठ हातांचा प्रश्न. पण त्या सात-आठ हातांतून गाडी जाते. काकांची एक पट्टी ओढ्यानं नेली होती, दुसरी त्यांना हवी होती. त्यांनी वाटेवर नांगर घातला आणि तोंडाशी काटे टाकले.

"कांदा लावतोय आपण," आई म्हणाली. तिनं लेकीला जवळ घेतलं नाही, तिचे हात चिखलाचे होते. "लावायला लावू. निघाल्यावर गोण्या काय ओढ्यातून डोक्यावर नेणार? पाखरं नेतील का उचलून?"

"मोजणीदार येणार आहे," बाप म्हणाला. "परवा."

"येऊ दे. तो काय दगड खिशात घालून आणणार आहे?"

दुसऱ्या दिवशी रोपं आली. रोपवाला रस्त्यावर टाकून गेला. ओल्या गोणपाटात बांधलेल्या जुड्या, प्रत्येक जुडीतून पाणी गळतंय. तिघांनी चुंबळी केल्या आणि खेपा सुरू केल्या. पाणी कपाळावरून, मानेवरून पाठीत उतरायचं. तिसऱ्या खेपेला चितारणीच्या मानेला कळ लागली, सहाव्या खेपेला ती कळ कुठं गेली ते कळलं नाही. आई दरड चढताना डाव्या हातानं गुडघा दाबायची आणि वर पोचली की काहीच झालं नाही अशी चालायची.

दुपारनंतर लावणी. वाफ्यात घोटाभर गार पाणी, त्यात वाकून अंगठ्यानं एकेक रोप दाबत मागं सरायचं. बोटं आधी दुखतात, मग बधिर होतात, मग ती आपली नसल्यासारखी आपापलं काम करतात. चितारणीच्या नखांत अजून शाळेतला कोळसा होता. तो निघाला नाही, त्यावर चिखल बसला.

"काका असं कसं म्हणतात?" तिनं विचारलं. "दगड वाटेच्या पलीकडे?"

"म्हणतात खरं. आणि डोळ्यांत डोळे घालून म्हणतात," बाप म्हणाला. "दादा लबाड नाही. तेच कळत नाही मला."

तिचं रोप हातात राहिलं. तूत, मधून गेलेली वाट, आणि वाटेच्या पलीकडे दगड. असं तिनंही कुठंतरी पाहिलं होतं. कुठं पाहिलं होतं तेही तिला कळलं. ते तिनंच काढलं होतं.

शाळेतलं पहिलंच काम होतं, घराजवळची एखादी जागा. ती एका रविवारी घरी येऊन तुतीसमोर बसली आणि कोळशानं जे दिसलं ते उतरवलं. ते मास्तरांना दाखवलं. मास्तर भला माणूस, पण बोलणं तुटक. म्हणाले, "दगड झाडाला चिकटलाय. चित्र कोंडलंय. दगड उचल आणि वाटेच्या पलीकडे ठेव." तिनं ठेवला. मग तेच सगळं शाईनं पक्कं केलं, दोन आठवडे खपून. पानापानाची सावली, चाकोऱ्या, मोडलेली फांदी, दगडावरची चीर. ते चित्र शाळेच्या भिंतीवर लागलं, आणि उतरल्यावर तिनं काकांना दिलं. कारण कलाशाळेचं नाव काढल्यावर बाप आठवडाभर गप्प होता, आणि काकाच म्हणाले होते, "जाऊ दे रे तिला, मी नेऊन सोडतो." त्यांनी नेऊन सोडलं होतं. चित्र त्यांनी काचेत घालून बैठकीत लावलं.

हे बापाला तिथंच, वाफ्यात, सांगता आलं असतं. पण सांगण्यासारखं काय होतं? चित्र ते चित्र. आणि आई म्हणाली, "चितारणे, हात चालव, उन्हं उतरली." तिनं हात चालवला. एवढ्याशा गप्प बसण्याचं तिला पुढं फार लागलं.

मोजणीदार आला तो साखळी घेऊन, सोबत नकाशाची सुरळी. बारीक अंगाचा, सर्दी झालेला माणूस. साक्षीला दुकानदार होता. काका आधीच तुतीखाली येऊन उभे होते, बाप ओढ्यातून वळसा घालून आला. आपल्याच वाटेवर यायला त्याला वळसा घालावा लागला, हे त्यानं कुणाला बोलून दाखवलं नाही. पाय मात्र निथळत होते.

नकाशा पाहून मोजणीदार शिंकला. "यात हद्द ओढ्याच्या काठापासून मोजलीय. आता ओढाच सरकलाय. मी काय ओढ्याला नोटीस काढू? खूण दाखवा. दोघांना मान्य असेल ती खूण मी धरतो."

"दगड इथं होता साहेब," बाप तुतीच्या बुडाशी पाय ठेवून म्हणाला.

"तिथं नव्हता धाकट्या," काका म्हणाले. "तिकडं होता."

"तुम्हाला काय आठवतं?" मोजणीदारानं दुकानदाराला विचारलं.

"ठेच लागायची हे नक्की," दुकानदार म्हणाला. "पण डाव्या पायाला की उजव्या, ते देवाला ठाऊक."

आई पुढं आली. "मी वीस वर्षं त्या दगडावर पाटी टेकवली आहे. झाडाला पाठ लावून पाटी टेकता यायची. तो बुडाशीच होता."

"घरच्यांची साक्ष धरता येत नाही, बाई."

तेव्हा काका म्हणाले, "थांबा, माझ्याकडं आहे पुरावा," आणि घरी गेले. परत आले ते चित्र घेऊन. बाहीनं काच पुसली आणि मोजणीदाराच्या हातात दिलं. त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही कावा नव्हता. उलट पुतणीचं चित्र चार माणसांत दाखवताना त्यांना बरंच वाटत होतं.

मोजणीदारानं चष्मा वर केला. "हे कुणी काढलं?"

"मी," चितारीण म्हणाली.

"टाकानं? इथं बसून?"

"इथं बसून कोळशानं, मग शाळेत टाकानं. पण साहेब, त्यात—"

"ही मोडकी फांदी," मोजणीदारानं वर पाहिलं. फांदी होती. "आणि चाकोऱ्या. आणि दगडाला चीर. दगडाला चीर होती?"

"होती," बाप म्हणाला. त्यानंही चित्रावर मान वाकवली होती. "चीर अशीच होती. अगदी अशीच."

"दगड मी सरकवला," चितारीण म्हणाली.

"शेतातला?"

दुकानदार फिस्सकन हसला. तिचा चेहरा गरम झाला. "कागदावरचा. मास्तर म्हणाले चित्र कोंडलंय. म्हणून दगड उचलून पलीकडे ठेवला. बाकी सगळं खरं आहे. तेवढंच नाही."

"म्हणजे शाळेत खोटं काढायला शिकवतात?" दुकानदारानं विचारलं.

"खोटं नाही. चित्रात तसं करतात."

"फांदी नाही सरकवली. चाकोरी नाही सरकवली. नेमका दगड सरकवला," मोजणीदार म्हणाला. तो रागावला नव्हता, फक्त दमला होता.

काकांनी तिच्याकडं पाहिलं. "पोरी, चित्र दिलंस तेव्हा हे बोलली नाहीस. कालपरवा बोलली नाहीस. आज बापाचं अडलं तेव्हा बोलतेस होय? मी रोज सकाळी चहा घेताना बघतो ते चित्र. तिथं दगड आहे. मला तर आता डोळे मिटले तरी तिथंच दिसतो."

हे ते खरंच सांगत होते. तिला त्याच क्षणी कळलं की काका लबाड नाहीत, आणि त्यानं काहीच सोपं झालं नाही.

ती ओढ्यातून धावत घरी गेली आणि पुठ्ठा घेऊन आली. मूळचा कोळशाचा कागद त्यात होता, पण होता म्हणजे कसा? तो जाड खरबरीत कागद पुसून पुन्हा वापरायची वर्गात सगळ्यांचीच रीत. तिनं तुतीचं चित्र पुसून त्याच कागदावर आई काढली होती, कांदे निवडत बसलेली. पंचविसांतलं ते सगळ्यांत चांगलं होतं. मास्तर त्यापाशी काही न बोलता थांबले होते, आणि ते थांबणं म्हणजे शाबासकी. पण कोळसा पुसला तरी पुरा जात नाही, खाली राहतोच.

तिनं कागद मांडीवर धरला आणि फडक्यानं आईचा खांदा पुसायला घेतला. मग कोपर, मग मांडीवरचं सूप. काळं उडालं आणि खालून राखाडी डाग वर आले. "हे बुड," ती बोटानं दाखवू लागली. "हा दगड. बघा, चिकटून आहे."

मोजणीदारानं डागावर अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला, डाग आणखी पसरला. "हा तर पुसलेला कागद आहे, बाळ."

"मला तर ते वहिनींचं कोपर वाटतंय," दुकानदार म्हणाला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आई स्वतःच्या अर्ध्या पुसलेल्या अंगाकडं बघत होती. "माझं बोलणं घरचं म्हणून चालत नाही," ती मोजणीदाराला म्हणाली, "मग हे चित्र काढणारी पोर कुणाची? परक्याची? हिचं काढलेलं चालतं आणि बोललेलं चालत नाही?"

मोजणीदारानं रुमाल काढला. त्यानं नाक पुसलं. त्याचा पंचनाम्याचा कागद तसा पुढं सरकणार नव्हता, तो सरकवला बापानं.

बाप इतका वेळ काचेतल्या चित्राकडंच पाहत होता. फांदीवरून चाकोरीवर, चाकोरीवरून चिरेवर. मग त्यानं लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. "पुरे आता. माझ्यासाठी खोटं बोलू नकोस."

"बाबा, मी खोटं—"

"पुरे म्हटलं ना." आवाज मऊ होता, तोच जास्त लागला. "लिहा साहेब. माझीच आठवण फिरली असेल. पोरीनं काढलंय म्हणजे तसंच असणार. ती केसाचा फरक करत नाही."

"जे जिथं आहे, ते तिथं," दुकानदार सवयीनं म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचं त्यालाच बरं वाटलं नाही.

बापानं सही केली. काकांनी केली. काकांनी वर असंही म्हटलं, "आपलेच दात, आपलेच ओठ. डोक्यावरनं काय न्यायचं ते ने माझ्यातून, गाडी तेवढी नको." बाप हो म्हणाला, पण त्या दिवसानंतर तो एकदाही तिथून गेला नाही. तो ओढ्यातूनच गेला.

पुढचे दिवस एकासारखा एक गेले. सकाळी दव, मग खेपा, मग वाफे. रोपं संपली तेव्हा खत आलं. खताची पाटी ओली नसते, पण डोळ्यांत जाते. आई लेकीशी बोलायची ती कामापुरतं, रागानं नव्हे, दमून. बाप मात्र तिच्याशी फार चांगला वागत होता. तिची पाटी स्वतः अर्धी भरायचा. जेवताना भाकरीचा मधला भाग तिच्याकडं सरकवायचा. आपल्या पोरीनं आपल्यापायी चार माणसांत तोंड काळं करून घेतलं, असं त्यानं मनाशी धरलं होतं, आणि त्याबद्दल तो तिला रोज थोडी थोडी माफी देत होता. तिला ती माफी गिळावी लागत होती.

एकदा तिनं पुन्हा सांगून पाहिलं. पाटात पाणी सोडायला दोघंच होते.

"बाबा, तुम्हीच आठवून बघा. आई पाटी टेकवायची. झाडाला पाठ लावून."

बापानं खोऱ्यानं माती ओढली, एक दारं बंद केलं, दुसरं उघडलं. "आठवून बघतो ना," तो म्हणाला. "तर आता मला ते चित्रच आठवतं. आधीचं काही येतच नाही डोळ्यांपुढं."

आपल्याला आता रडू येईल असं तिला वाटलं, म्हणून ती वाट बघत उभी राहिली. आलं नाही. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात गेलं.

पुठ्ठा भिंतीला टेकून होता तसाच होता. पंचवीस कागद द्यायचे होते, चोवीस धड होते आणि एक अर्ध्या आईचा. कोळशाची डबी तिनं उघडली नाही. मास्तरांना काय सांगायचं हे तिनं ठरवलं नाही. बोटं दिवसभर बधिर असायची आणि तिला वाटायचं, बरंच आहे.

परतायच्या दिवशी बापानं पुठ्ठा पुन्हा डोक्यावर घेतला. पाणी आता घोट्याच्याही खाली आलं होतं, वाळू जागोजाग उघडी पडली होती. तो पुढं, ती पिशवी घेऊन मागं. वळणाशी बापाचा पाय अडखळला. तो खाली बसला, पण पुठ्ठा त्यानं दोन्ही हातांनी वरच धरला.

"लागलं का?"

"अंगठा फुटला." त्यानं पुठ्ठा तिच्याकडं दिला आणि नखाखालचं रक्त वाळूनं पुसलं. "मेला दगड."

आणि मग दोघंही त्या दगडाकडं पाहायला लागले. वाळूतून तो वीतभर वर आला होता. माथ्याला चीर होती.

बापानं हातांनी वाळू उपसली. तीही उपसू लागली. कडेनं, खालून, कुत्रं उकरतं तसं. दगड आडवा पडला होता. फिरवायला दोघांचं बळ पुरलं नाही, पण एक अंग मोकळं झालं. त्या अंगाला मनगटाएवढं जाड मूळ मिठी मारून बसलेलं होतं, दोन्ही टोकांना तुटलेलं. त्याचा एक फाटा चिरेच्या खालच्या टोकात शिरून तिथंच जाड झाला होता. बापानं नखानं साल खरवडली. आतून पिवळंधमक.

तो काही वेळ नुसता मुळावर बोट फिरवत राहिला.

"तुतीचं," तो म्हणाला.

"हं."

"वाटेखालून एवढं जाड मूळ येत नाही. चाकांनी जमीन दाबलेली. आणि मिठी मारायला... वर्षं लागतात याला. बुडाशी असल्याशिवाय नाही." तो जमीन वाचणारा माणूस होता. हे वाचायला त्याला चष्मा लागला नाही.

ओढ्यात कुठंतरी पाणी खळखळत होतं, ते तिला तेव्हा ऐकू आलं.

"म्हणजे तू खरं बोलत होतीस."

"हो."

"आणि मी चार माणसांत तुला खोटी पाडली." त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. "माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नव्हता, तुझ्या चित्रावर होता. आणि तुझ्यावर नव्हता. कसं गं होतं असं?"

तिनं त्याच्या फुटलेल्या अंगठ्यावर फडक्याची पट्टी बांधली. बोटांना त्याचा तळवा लागला, गार आणि खडबडीत, आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या बोटांना काहीतरी लागलं.

"काकांना दाखवाल?"

"दाखवीन की." त्यानं मुळाचा एक तुकडा मोडून सदऱ्याच्या खिशात घातला. "भाऊ आहे. मूळ पाहील. मग मान वळवून भिंतीकडं पाहील. मग काय म्हणेल, ते सांगता येत नाही. लिहिलं गेलंय ते आता काळ्या दगडावरची रेघ." तो दगडावर टेकला. "पण मला कळलं. तेवढं तरी झालं."

रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला.

"तुझी गाडी," तो म्हणाला, पण उठला नाही.

"दुसरी असते," ती म्हणाली.

तिनं पुठ्ठ्याची नाडी सोडली. कोरा कागद एकही नव्हता. अर्धी आई असलेला तो कागद तिनं काढला, फळकुटावर ठेवला आणि फडक्यानं उरलेलं पुसून टाकलं. आईचं राहिलेलं अंग गेलं, तूत आणखी फिकट झाली, पण कुठंच काही पुरतं गेलं नाही. त्या सगळ्यावरच तिनं कोळशाची कांडी टेकवली. पहिली रेघ वाकडी आली. दुसरी बरी आली. दगड, त्याला धरलेलं मूळ, आणि दगडावर बसलेला माणूस, त्याची पाठ झाडाला टेकावी तशी रिकाम्या हवेत वाकलेली, अंगठ्याला पट्टी.

बाप बराच वेळ हलला नाही. असा कुणी आपल्याकडं टक लावून पाहत असला की त्याला अवघडायचं. दगडाच्या पार कडेला आपण टेकलोय, मूळ आपल्या पायाआड गेलंय, एका बाजूला सगळी वाळूच वाळू, हे त्याच्याही ध्यानात आलं होतं. एवढ्या महिन्यांत चित्रातलं तेवढं त्यालाही कळायला लागलं होतं.

"मी जरा सरकू का इकडं?" त्यानं विचारलं. "चित्राला बरं दिसेल."

"नको बाबा," ती म्हणाली. "आहात तिथंच बसा."